बायबलमधला गंधक कसा वाचायचा: ‘ब्रिमस्टोन’पासून अग्नीच्या सरोवरापर्यंत

‘फायर अँड ब्रिमस्टोन’ हे शब्द इंग्रजी पिक्चरमध्ये, प्रवचनांच्या व्हिडिओत सारखे कानावर पडतात आणि मराठी बायबल उघडलं की तिथे साधा ‘गंधक’ दिसतो, मग बऱ्याच जणांना वाटतं की ब्रिमस्टोन म्हणजे नरकातली काहीतरी वेगळीच वस्तू असणार. तसं काही नाहीये. ब्रिमस्टोन म्हणजे गंधकच, आपल्याकडे द्राक्षबागेत भुरी आली की ज्याची धुरळणी करतात तोच पिवळा गंधक. पण बायबलमध्ये तो कुठे येतो, कोण बोलतंय, कोणाला उद्देशून बोलतंय हे नीट बघितलं की या एका शब्दातून बरंच काही उलगडतं, आणि न बघता वाचलं तर फक्त घाबरवायला उपयोगी पडतो. ज्यांना स्वतः बसून अभ्यास करायचाय किंवा संडेस्कूलमध्ये, बायबल स्टडीत शिकवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, ख्रिस्ती नसलात तरी वाचायला काहीच हरकत नाही.

आधी शब्द संपवून टाकू कारण त्यात फार वेळ घालवायची गरज नाही. जुन्या इंग्रजीत ‘ब्रिनस्टान’ असं काहीसं रूप होतं, ‘ब्रिन’ म्हणजे जळणं आणि ‘स्टान’ म्हणजे दगड, म्हणजे जळणारा दगड, एवढाच अर्थ. आइसलँडमध्ये आजही गंधकाला ‘ब्रेन्निस्टेइन’ म्हणतात, तोच अर्थ. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये हा शब्द वापरला गेला आणि तिथून तो इंग्रजी धार्मिक बोलण्यात पक्का बसला. रोजच्या इंग्रजीतून तो गेला, धर्मात तेवढा राहिला, म्हणूनच तो आज इतका गूढ वाटतो. नव्या इंग्रजी भाषांतरांत सरळ ‘सल्फर’ किंवा ‘जळतं सल्फर’ लिहितात. मूळ हिब्रूत, म्हणजे जुना करार (बायबलचा पहिला भाग) ज्या भाषेत आहे तिच्यात, शब्द आहे ‘गोफ्रिथ’ आणि नव्या कराराच्या (येशूपासून पुढच्या भागाच्या) ग्रीकमध्ये ‘थेइऑन’. आता ग्रीकमध्ये ‘दैवी’ या अर्थाचा शब्दही दिसायला अगदी असाच आहे, त्यामुळे काही वक्ते गंधक म्हणजे ‘देवाचा पदार्थ’ असं सांगून मोकळे होतात. भाषातज्ज्ञ साधारण हे दोन शब्द वेगळे धरतात, तेव्हा त्यावर प्रवचन उभं करू नका.

यानंतरचं काम मराठी वाचकाला मुद्दाम करावं लागतं. आपल्या डोक्यातला गंधक थोडा बाजूला ठेवायचा. आपल्याकडे गंधक म्हणजे औषध. रसशास्त्रात पारा हा शिवाचा आणि गंधक हा पार्वतीचा, दोन्ही एकत्र खलले की काळी कज्जली होते, आणि गंधक आधी तुपात वितळवून दुधात गाळून शुद्ध करून घेतात. तानसाकाठची वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं, राजापूरजवळचं उन्हाळे, इथे तो वास आला की लोकांना अंगदुखी, त्वचारोग आणि देवदर्शन असं सगळं एकदम आठवतं. म्हणजे आपल्या मनात गंधक बरा करणारा आहे, देवीच्या बाजूचा आहे. हे चुकीचं मुळीच नाही पण ते घेऊन तुम्ही सदोमच्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या अग्नी-गंधकाने नष्ट झालेल्या नगराच्या गोष्टीत शिरलात तर तिथलं काहीच लागणार नाही. ग्रीक लोकांचंही आपल्यासारखंच होतं बरं का, होमरच्या ओडिसीत घरातल्या कत्तलीनंतर ओडिसियस दाईला गंधक आणि विस्तव आणायला सांगतो आणि सगळ्या दालनाला धुरी देतो, अपवित्रपणा जावा म्हणून. रोमन लेखक प्लिनीनेही शुद्धीसाठी गंधकाचा धूर वापरतात असं नोंदवून ठेवलंय. हिब्रू शास्त्रलेखात, म्हणजे जुन्या करारात मात्र गंधक शुद्धीचं साधन म्हणून कुठेच येत नाही, जिथे येतो तिथे न्यायाची भाषा असते.

पदार्थ म्हणून गंधक कसा वागतो हे माहीत असेल तर वचनं डोळ्यासमोर उभी राहतात, म्हणून हे पण बघून घ्या. शुद्ध गंधकाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, गरम कुंडांवर येतो तो बराचसा तोच, आणि जळताना जो नाकात घशात घुसतो तो सल्फर डायऑक्साइड. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात तिथे कधी उभे राहिला असाल तर सांगायची गरज नाही, आधी डोळे चुरचुरतात, मग घसा आवळल्यासारखा होतो, मग खोकला सुटतो तो थांबत नाही कारण तो वायू ओल्या जागी बसला की आम्ल तयार होतं. दुसरी गोष्ट, गंधक साधारण ११५ अंशाला वितळतो, म्हणजे लाकडासारखा जागच्या जागी जळून राख होत नाही, पेटला की पातळ होतो, वाहतो, आणि वाहत वाहत जळत राहतो. ज्योत निळी असते, दिवसा दिसतही नाही नीट, अंधारात दिसते. ‘अग्नी व गंधकाचं सरोवर’ हे शब्द वाचताना हे आठवा, ज्याने ते लिहिलं त्याला जळता गंधक पातळ होतो हे माहीत असणार असं मला वाटतं. आणि जुन्या काळी वीज पडल्यावर गंधकाचा वास येतो असा समज होता, त्यामुळे आकाशातून अग्नी आणि गंधक एकत्र पडणं हे त्या लोकांना एकच चित्र वाटत असणार, दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता पेन्सिल घेऊन बसा. जुन्या करारात गोफ्रिथ सात ठिकाणी येतो (पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग वचन): उत्पत्ती १९:२४, अनुवाद २९:२३, ईयोब १८:१५, स्तोत्र ११:६, यशया ३०:३३ आणि ३४:९, यहेज्केल ३८:२२. नव्या करारात लूक १७:२९ आणि बाकी सगळे प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, ९:१७ आणि १८, १४:१०, १९:२०, २०:१०, २१:८. एवढेच आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. बहुतेक लोक शेवटून सुरू करतात, सरळ प्रकटीकरणात उडी मारतात आणि तिथेच अडकतात. तसं करू नका, क्रमाने जा, कारण पुढचं प्रत्येक वचन मागच्याकडे बोट दाखवतं, सदोम माहीत असल्याशिवाय पुढचं कळत नाही.

सदोम वाचताना उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायापासून सुरू करू नका, १३:१० पासून करा. तिथे अब्राहामाचा पुतण्या लोट डोळे वर करून यार्देनेचं खोरं बघतो आणि ते सगळं पाणथळ, परमेश्वराच्या बागेसारखं दिसतं. मग १८ व्या अध्यायात अब्राहाम देवाशी अक्षरशः घासाघीस करतो, ५० नीतिमान असले तर, ४५ असले तर, ४०, ३०, २०, शेवटी १० पर्यंत येतो आणि देव दरवेळी हो म्हणतो. हे वाचल्याशिवाय जो माणूस गंधकाचा पाऊस शिकवतो तो अर्धी गोष्ट सांगतोय. आणि सदोमचं पाप काय होतं असं कोणी विचारलं तर १९ व्या अध्यायातला पाहुण्यांवरचा अत्याचार तर आहेच, पण यहेज्केल १६:४९ पण काढून दाखवा, तिथे गर्व, पोटभर अन्न, आरामाचं जगणं आणि तरीही दीनदुबळ्यांना हात न देणं असं स्पष्ट सांगितलंय. माझ्या अनुभवात हे वचन फार कमी वेळा वाचलं जातं आणि ते वाचलं की खोलीतलं बोलणं बदलतं.

अनुवाद २९:२३ माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वचन आहे आणि शेती माहीत असलेल्या माणसाला ते पटकन कळेल. तिथे वर्षाव नाहीये, ज्वाळा नाहीत, तिथे जमीन आहे. सगळी जमीन गंधक, मीठ आणि जळीत, पेरणी नाही, उगवण नाही, गवत पण नाही, सदोम, गमोरा, अदमा, सबोईम यांच्यासारखी. आपल्याकडे कांद्याला, तेलबियांना गंधक लागतो, चुनखडीच्या रानात सामू खाली आणायला शेतकरी मोजून टाकतात, कारण मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात. मोजून टाकला तर पीक सुधारतं. इथे सगळी जमीनच गंधक आणि मीठ झालीय. म्हणजे जे खोरं बागेसारखं होतं तिथे आता काही उगवत नाही, देवाने इस्राएलशी केलेल्या कराराच्या भाषेत याचा अर्थ असा की वचनदत्त देशच हातचा गेला. गंधकाचं पहिलं चिन्ह हे आहे: उगवण बंद. वास, वेदना, शिंगं असलेला सैतान हे सगळं मनातून काढा आणि आधी ही नापीक जमीन डोळ्यासमोर आणा. लोटाची बायको मिठाचा खांब झाली ते उत्पत्ती १९:२६ मध्ये आहे आणि इथे परत मीठ आणि गंधक जोडीने आलेत, ते उगीच नाही.

मग ईयोब १८:१५, आणि इथे थांबायचंच. हे वाक्य देवाचं नाही, संदेष्ट्याचं नाही, बिल्ददचं आहे, ईयोबाच्या मित्राचं. तो दुष्टाबद्दल बोलतोय असं दाखवतो पण समोर बसलाय राखेतला ईयोब, मुलं गेलेली, अंगभर फोड, आणि पहिल्या अध्यायात (१:१६) त्याची मेंढरं आकाशातून पडलेल्या देवाच्या अग्नीनेच जळालेली. अशा माणसासमोर हा म्हणतो की दुष्टाच्या घरावर गंधक विखुरला जाईल. विचार करा काय टोचलं असेल ते. आणि पुस्तकाच्या शेवटी ४२:७ मध्ये देव अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी ठीक बोलला नाहीत म्हणतो. म्हणजे गंधकाचं शास्त्र बरोबर होतं, सदोमची गोष्ट खरीच होती, पण ती दुखावलेल्या माणसावर फेकली म्हणून देवाला ते आवडलं नाही. लूक ९:५४ मध्ये येशूचे शिष्य याकोब आणि योहान यांना पण शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडावासा वाटला आणि येशूने त्यांना धमकावलं. हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणाच्या घरात आजारपण, मरण, कर्ज आलं की ‘काहीतरी पाप असणार’ म्हणणारे आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) आजही आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला बायबलमध्येच जागा आहे.

प्रत्येक वचनापाशी म्हणून दोन प्रश्न मार्जिनमध्ये लिहा, हे कोण बोलतंय आणि हे कोणाविरुद्ध आहे. उत्तरं लिहीत गेलात की एक नमुना दिसायला लागतो. यशया ३०:३३ अश्शूरच्या राजाविरुद्ध, त्या काळची सगळ्यात क्रूर लष्करी सत्ता, तोफेतात (यरुशलेमजवळच्या जाळण्याच्या जागी) त्याच्यासाठी सरण रचून ठेवलंय आणि परमेश्वराचा श्वास गंधकाच्या ओढ्यासारखा ते पेटवतो. यशया ३४:९ इस्राएलच्या शेजारच्या अदोम देशाविरुद्ध, तिथे ओढ्यांचं डांबर होतं आणि धुळीचा गंधक. यहेज्केल ३८:२२ गोग नावाच्या चढाईखोर राजाविरुद्ध, जो निवांत राहणाऱ्या, तटबंदी नसलेल्या गावांवर लूट करायला येतो. स्तोत्र ११ तर एका पाठलाग होत असलेल्या माणसाचं आहे, अंधारातून बाण मारणारे लोक मागे लागलेत आणि तो म्हणतोय देव बघतोय. ही सगळी वचनं ज्यांच्या छातीवर कोणीतरी बसलंय त्यांच्या तोंडची आहेत. सुरक्षित माणसाने ती दुबळ्यावर रोखली की त्यांचा अर्थच उलटा होतो.

इथून प्रकटीकरणात जायला तुम्ही तयार आहात. आता धागे जुळवायचे. स्तोत्र ११:६ मध्ये अग्नी, गंधक आणि दाहक वारा हा दुष्टांच्या ‘प्याल्याचा वाटा’ आहे, आणि प्रकटीकरण १४:१० मध्ये क्रोधाचा प्याला आणि लगेच अग्नी व गंधक, तोच प्याला. यशया ३४:१० मध्ये अदोमाचा धूर सतत वर चढत राहतो, प्रकटीकरण १४:११ मध्ये तोच धूर युगानुयुग. आता गंमत बघा, आजच्या अदोमाच्या भूमीवर काही डांबर जळताना दिसत नाही, आणि यहूदाच्या पत्रात ७ व्या वचनात सदोमला सार्वकालिक अग्नीचं उदाहरण म्हटलंय. म्हणून ‘सदासर्वकाळ’ हे शब्द वाचताना ही दोन्ही वचनं बाजूला उघडी ठेवा. यावर मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत, कोणी कधीच न संपणारी जाणीवपूर्वक शिक्षा मानतात, कोणी कायमचा नाश मानतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिकपणे बायबलच वाचतायत. मी स्वतः नाशाच्या बाजूला झुकतो कारण २०:१४ आणि २१:८ मध्ये त्या सरोवराला ‘दुसरं मरण’ असं नाव दिलंय आणि अनुवादातली नापीक जमीन माझ्या डोक्यातून जात नाही, पण शिकवताना दोन्ही बाजू सांगतो.

९:१७ हळू वाचा, तिथे रंग आहेत. घोडेस्वारांची उरस्त्राणं अग्नीच्या, निळ्या आणि गंधकाच्या रंगाची, आणि घोड्यांच्या तोंडातून अग्नी, धूर, गंधक. तांबडा, निळा, पिवळा, आणि तीन रंगांना तीन गोष्टी. मुलांना चित्र काढायला द्यायला याच्याइतका चांगला उतारा नाही, फक्त पुढच्या वचनात माणसांचा तिसरा हिस्सा मरतो हे विसरू नका, लहान वर्गाला देऊ नका. आणि सरोवरात आधी कोण जातं ते क्रमाने लिहून काढा: १९:२० श्वापद आणि खोटा संदेष्टा, २०:१० सैतान, २०:१४ मरण आणि अधोलोक. श्वापद म्हणजे रोमची सत्ता असं बहुतेक अभ्यासक धरतात, सात डोंगरांचा उल्लेख १७:९ मध्ये आहे, आणि १८ व्या अध्यायात ‘बाबेल’ म्हटलेल्या त्या नगरीच्या व्यापाराची यादी सोन्याने सुरू होऊन माणसांच्या देहांवर आणि जिवांवर, म्हणजे गुलामांवर संपते. प्रकटीकरण लिहिणारा योहान पात्म बेटावर आहे, छळाची झळ लागलेल्या आसियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना लिहितोय. गंधकाचं सरोवर सगळ्यात आधी त्या यंत्रणेसाठी आहे जी माणसं विकते. २१:८ मध्ये माणसांची यादी पण येते हे खरंय आणि ते लपवायचं नाही, पण त्या यादीत पहिला शब्द भित्र्यांचा आहे, छळापुढे साक्ष सोडणाऱ्यांचा, त्यामुळे तीही याच लढ्यातली यादी आहे. आणि २१:४ मधलं अश्रू पुसणं त्याच्या चारच वचनं आधी आहे.

१८ व्या शतकात अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्सने ८ जुलै १७४१ ला एनफिल्डला रागावलेल्या देवाच्या हातातल्या पाप्यांवर प्रवचन केलं आणि त्या धाटणीची प्रवचनं पुढे ‘फायर अँड ब्रिमस्टोन’ म्हणूनच ओळखली गेली. आपल्याला ही शैली तिथूनच फिरत फिरत आलीय. ती ऐकताना येशूने सदोमचं नाव कसं वापरलं ते पडताळा: मत्तय ११:२३-२४ मध्ये तो कफर्णहूमाला, म्हणजे स्वतः जिथे राहिला त्या गावाला सांगतो की न्यायाच्या दिवशी सदोमचं तुमच्यापेक्षा सोपं जाईल. लूक १७ मध्ये तर सदोमचे लोक खात होते, पीत होते, विकत घेत होते, लागवड करत होते, घरं बांधत होते एवढंच वर्णन आहे. बोट प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याकडे वळतं.

व्हिडिओंचं पण सांगून ठेवतो कारण हा प्रश्न हमखास येतो. मृत समुद्राच्या काठी पांढऱ्या चिखलदगडात गंधकाचे गोळे सापडतात, कोणीतरी ते पेटवून दाखवतं आणि म्हणतं हा बघा सदोमवर पडलेला गंधक. गोळे खरे आहेत. तो भाग समुद्रसपाटीच्या ४०० मीटरपेक्षा जास्त खाली आहे, जिप्सम भरपूर, आणि ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू त्यातून गंधक वेगळा करतात, भूगर्भतज्ज्ञ असंच समजावतात. उत्पत्ती १४:१० मध्ये तिथल्या डांबराच्या खाणींचा उल्लेख आहे आणि जुने लेखक त्या समुद्राला डांबराचा तलावच म्हणत. तेव्हा गोळे दाखवून ‘पुरावा मिळाला’ म्हणू नका, एवढं म्हणा की ज्यांनी ही वचनं ऐकली त्यांना गंधक, मीठ आणि डांबराची ती भूमी माहीत होती. तुमचे मुस्लिम मित्र असतील तर हेही लक्षात ठेवा की कुराणात लूतच्या (बायबलमधल्या लोटाच्या) लोकांवर भाजलेल्या मातीचे दगड पडतात (सूरा ११:८२), गंधक नाही, दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळू नका.

वर्गात शिकवणार असाल तर गंधक पेटवून दाखवायचा मोह होतो, तो टाळा. बंद खोलीत चिमूटभर जळला तरी दमा असलेल्या मुलाला झटका येऊ शकतो. कृषी सेवा केंद्रातून थोडी पावडर आणा, काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून फिरवा, रंग बघू दे, तेवढं पुरतं. शेजारी दुसऱ्या बाटलीत खडे मीठ आणि तिसऱ्या बाटलीत शेतातली चांगली काळी माती ठेवा आणि अनुवाद २९:२२-२४ मोठ्याने वाचा. तिथे पुढच्या पिढीची मुलं आणि दूर देशचे लोक विचारतात, परमेश्वराने या भूमीचं असं का केलं? मुलांना तोच प्रश्न विचारू द्या, उत्तर लगेच देऊ नका, यहेज्केल १६:४९ त्यांच्याकडूनच वाचून घ्या. त्या दिवशी प्रकटीकरण उघडू नका, ते पुढच्या रविवारी घ्या.